उठताना आवाज द्या

नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरनं मले आपल्या खुर्चीत बसवलं.

कालेजात लागून मले तीन घंटे झाले होते. झाडू मारणं, माठ भरणं अन् मानसशास्त्राच्या खोलीतल्या पांढऱ्या उंदराईले दाणे टाकणं, हे माहं काम. सर आले. धोतर, काळा कोट, काखेत छत्री. पाऊस नाही, ऊन नाही, तरी छत्री. म्हणले, "बाई, अकराला माझा वर्ग सुरू होईल. तुम्ही आत यायचं, माझ्या खुर्चीत बसायचं, पेलाभर पाणी प्यायचं आणि निघून जायचं. बोलायचं नाही."

मी म्हटलं, "साहेब, माही नोकरी आजच लागली हाये."

"म्हणूनच," म्हणले. "उद्या तुम्हाला सवय झालेली असेल."

पेला भरता भरता अर्धं पाणी लुगड्यावरच सांडलं. समोर चाळीस-पन्नास पोट्टे. मी बसली, उरलेलं पाणी प्याली, उठली, बाहेर आली. अन् दाराच्या मांगं उभी राह्यली. ठेवतेत का काढतेत ते आयकाले.

सरनं वर्गाले विचारलं, "काय झालं?"

एक म्हणे, चपराशीण बाईनं तुमचा अपमान केला. एक म्हणे, बाई पागल दिसते. मांगून कोणी म्हणलं, बाई सरच्याच घरची असंल. सारे हासले.

"राजे," सर म्हणले, "काय झालं ते एकानंही सांगितलं नाही. बाई आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, गेल्या. एवढंच झालं. बाकीचं तुम्ही घरून आणलंत."

मंग त्यायनं चार बोटं वर केले. एक एक बोट वाकवत सांगतलं. "काय झालं ते पाहा आणि जसं झालं तसंच सांगा. हे पहिलं. ते कशानं झालं ते शोधा, हे दुसरं. पुन्हा कधी होईल ते आधी सांगून दाखवा, हे तिसरं. ही तिन्ही जमली तरच चौथं. हात लावा, बदलायला बघा. आमच्या शास्त्राचं सगळं काम या चार बोटांत आहे. जग चौथ्या बोटापासून सुरुवात करतं, म्हणून जगाचं असं झालंय."

मी दुसरीपर्यंत शिकली. दारामांगं उभ्या उभ्या ते चार बोटं मले पाठ झाले. तवा काय मालूम, वर्षाच्या आत त्याच चार बोटाईवर माह्या पोरीचा जीव टांगणार हाये म्हून.

सर तसे विचित्रच. सारं कालेज हासे त्याईले. उंदराईले ते अहो-जाहो करे. पिंजऱ्याजवळ जाऊन विचारे, "अहो, झोप झाली का?" डबा उघडाच्या आधी कागदावर लिहे, भूक किती हाये. खाणं झालं का पुन्हा लिहे. राग आला का खोलीच्या दारावर खडूनं एक रेघ ओढे. पोट्टे बाहेरूनच मले विचारे, "बाई, आज किती रेघा?" मी म्हणू, "तीन." ते चपला हातात घेऊन परत जाये.

अन् कोणाले नाव ठेवलं तं सरले चाले नाही. एकदा एक उंदीर मले कडकडून चावला. मी म्हटलं, "हा मेला बदमाश हाये."

"बदमाश हा तुम्ही मारलेला शिक्का झाला, बाई. त्यांनी केलं काय?"

"चावला!"

"कधी?"

"मी उचलला तवा."

"कुठं धरून?"

"शेपटीले."

"मग उद्या कसे उचलाल?"

दुसऱ्या दिवशी पोटाखाली हात घालून उचलला. चावला नाही. सर चार बोटं नाचवत खोलीभर फिरले, जसं काही लेकाचं लगन जमलं.

पोट्टे विचारे, हे शिकून करावं काय? सर म्हणे, खोड एकच, फांद्या किती त्या पाहा. त्याईचा एक पोट्टा हिंगण्याच्या कारखान्यात गेला. कामगाराचं बोट मशीनीत कोणत्या घंट्याले जाते, थकला का जाते का कंटाळला का जाते, ते पाहाले. एक पोरगी बारक्या लेकराईच्या शाळेत गेली. लेकरू कवा बोलते, कवा खोटं बोलाले लागते, ते पाहाले. एक पागलखान्यात गेला. एक जण उंदराईतच राह्यला. साऱ्याईचं मूळ काम तेच, सर म्हणे. आधी नीट पाहणं. मी झाडता झाडता आयकू. मले वाटे, हे पोटभरल्या लोकाईचे काम हायेत. आमच्याकडे पाहत बसाले कोणाले टाईम हाये?

माह्या घरची हकीकत मी कालेजात सांगत नोती.

आम्ही कोष्टी. इतवारीच्या मांगं वस्ती. घरात एक माग, त्यावर माहे मालक लुगडे विणत. मी कालेजात लागली त्याच्या सहा महिने आधी ते मागावरच गेले. छातीत कळ आली अन् संपले. तेराव्या दिवशी त्याईचे मोठे भाऊ, म्हंजे माहे भासरे, त्याच मागावर बसले. त्याईले स्वतःचं लेकरू नाही, बाईही वारली होती. त्यायनंच आम्हा मायलेकीले उपाशी ठेवलं नाही, हे मी आधी सांगतो. वाईट माणूस नोता. पण कडक. अन् आमच्यात भासऱ्यासंगं बोलत नाही. डोक्यावरचा पदर ढळत नाही. चवदा वर्षांत मी त्याईच्यासंगं एक शब्द बोलली नोती. पोरीले मधात घालून बोलू. "शेवंता, मोठेबाबाले म्हण, भाकर झाली." तेही भिंतीकडे पाहून म्हणत, "शेवंता, मायले सांग, मीठ नाही."

शेवंता माही. नऊ वर्षाची. मागासाठी कांड्या भरे. कांडी म्हंजे ती बोटाएवढी नळी, चरख्यावर तिच्यावर सूत गुंडाळतेत अन् धोट्यात बसवतेत. बाप गेला अन् चार महिन्यानं पोरीले ते सुरू झालं. एकाएकी हात वाकडे होत, दात बसत, डोळे छताले लागत. घंटा-घंटा बोल फुटे नाही. वस्तीतल्या बाया म्हणत, बापच अंगात येते, त्याचा जीव मागात अडकला हाये.

भासऱ्यानं ठरवलं. पारशिवनीकडचा एक जाणता माणूस होता. पोळ्याच्या अमावस्येले येणार होता अन् पोरीच्या पोटऱ्याईले डागणार होता. लोखंडी सळई लाल करून. आमच्याच गल्लीतल्या एका पोराले त्यानं डागलं होतं. त्याचे झटके गेले नाही. पाय गेला. मी ते पाह्यलं होतं, तो वासही मले मालूम होता. पण मी कोणाले सांगू? आम्हाले खाऊ घालणाराच म्हणे, डागल्याशिवाय सुटत नाही.

एक दिवस सर म्हणले, "बाई, तुम्ही उंदरांना आज तीनदा दाणे टाकलेत."

मी सांगून टाकलं. "माह्या पोरीच्या अंगात येते."

"अंगात येतं हा शिक्का. होतं काय?"

मी जसं होते तसं सांगतलं. सरनं आयकून घेतलं अन् म्हणले, पहिले दवाखाना. स्वतः चिठ्ठी देल्ली. मोठ्या दवाखान्यात डाक्टरनं पोरीले पाह्यलं, ठोकलं, विचारलं. म्हणे, मिरगीसारखं दिसत नाही, अंगात बिमारी काही सापडत नाही. मंग सरनं विचारलं, "अमावस्येला किती दिवस?"

"एकवीस."

"पंधरा दिवस नुसतं पाहा. घरी असाल तेवढा वेळ. झटक्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, सगळं लिहा. महत्त्वाचं काय ते तुम्ही ठरवू नका."

"सर, मले लिहता येत नाही."

सरनं खडू घेतला. उठून दारावर एक रेघ ओढून आले. ती त्याईच्या स्वतःवरच्या रागाची होती.

मी म्हटलं, "गाठी मारू का? सुताले?"

आमच्या घरी रंगीत सुताचे तुकडे पडलेच राहत. ठरलं ते असं. पोरीले झटका आला का लाल गाठ. भासरे ओरडले का पिवळी. अन् माग थांबला का हिरवी. कांडी बदलाले थांबते ते नाही, ते तं घडोघडी थांबते. विणणारा उठूनच गेला तं हिरवी. आमच्या घरात दिवसभर मागाची खटखटच असते, ती थांबली का घर बदलते, म्हून मी तेही धरलं. रोज सकाळी पांढरी दुहेरी गाठ, दिवस बदलल्याची. अन् गाठी मारलं सूत एका कांडीवर गुंडाळत गेली.

डागणं सोपं असते, आता वाटते. पाहणं कठीण. पोरगी भुईवर ताठ पडली हाये अन् माय तिचं डोकं मांडीवर घेऊन एका हातानं लाल दोरा शोधते. शेजारीण दारातून म्हणे, "काय माय हाये वं! लेकरू मरून राह्यलं अन् ही गाठी मारून राह्यली. का तूच करणी करतं?" मी गाठ मारली. लोक तं माह्या गाठीलेच भ्यायले लागले.

पंधरा दिवस भरले. कांडी सरले देल्ली. दोन दिवस त्यायनं ती घरी ठेवली. तिसऱ्या दिवशी मले बोलावलं. चेहरा खुशीत. म्हणले, "सापडलं. मुलीला कोणी रागावायचं नाही. आणि झटका आला तर कोणी जवळ जायचं नाही, बघायचंही नाही. आपोआप उतरेल."

मले ते पटलं नोतं. जवळ जायचं नाही? पण मी म्हटलं, शिकलेला माणूस हाये, गाठी वाचून सांगून राह्यला. काहून म्हून विचारलं नाही. तेवढी माही चूक. घरी येऊन शेवंताले मधात घालून भासऱ्यालेही तेच सांगतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झटका आला. मी चुलीपाशी बसली होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, उठू नाही म्हून. पोरगी बसल्या जागी ताठ झाली अन् कलंडली ते पाट्यावर. मसाल्याच्या दगडी पाट्यावर. कपाळ फुटलं. आवाज झाला तो माह्या कानात अजून हाये.

भासरे बाहेर ओट्यावर बिडी पेटवत होते. धावत आत आले, पोरीले उचललं, रक्त पाह्यलं. भिंतीकडे पाहूनच बोलले, पण अशा आवाजात का घर हाललं. "पोरीच्या मायले सांगा! तिच्या मास्तरचं शास्त्र झालं आता. परवा अमावस्या हाये. सळई मी स्वतः धरीन!"

पोरीच्या कपाळाले चिंधी बांधली अन् मी तशीच कालेजात गेली. पायी. सर वर्गातून येऊनच राह्यले होते. मी कांडी मागतली. त्यायनं कपाटातून काढली. मी म्हटलं, "पोरीचं कपाळ फुटलं. तुम्ही म्हणलं, जवळ जाऊ नका. मी गेली नाही."

सर कांडी घेऊन टेबलापाशी गेले. मंग म्हणले, "पण गाठी तर स्पष्ट सांगतात. हे पाहा." अन् कांडीचं सुटं टोक धरून सूत ओढत ओढत मोठ्यानं वाचू लागले. "पिवळी. म्हणजे ते ओरडले. मग लाल. मुलीला झटका. मग हिरवी. माग थांबला. पुन्हा पिवळी, लाल, हिरवी. प्रत्येक वेळी तेच. रागावतात, मुलगी झटका आणते, माग बंद पडतो, सगळे गोळा होतात. म्हणून मी म्हणालो, रागावू नका, गोळा होऊ नका."

मी आयकतच राह्यली. मंग म्हटलं, "सर, तुम्ही उलटं वाचून राह्यले."

"म्हणजे?"

"कांडीवर पहिले गुंडाळलेलं सूत आत राहते, नळीले चिकटून. सुटं टोक शेवटच्या दिवसाचं हाये. हे तं आमच्यातलं बारकं लेकरूही सांगते. आधीचं काय ते पाहाचं तं सारं सूत सोडा, अन् आतून या."

 सरनं सारं सूत सोडलं. टेबलावर ढीग झाला. नळीजवळचं टोक धरलं अन् वाचलं. आता आवाज लहान झाला होता.

"हिरवी. लाल. पिवळी. हिरवी... लाल... पिवळी."

पुन्हा वाचलं. मंग म्हणले, "माग थांबतो. मग झटका येतो. मग ते ओरडतात. बाई, मी पुस्तकासारखं पहिलं पान वर आहे असं धरून चाललो. पंधरा दिवस तुम्ही बरोबर पाहिलंत आणि मी दोन दिवसांत उलटं वाचलं."

दाराकडे गेले. रेघ नाही ओढली. खडू हातात तसाच धरून परत आले. "दुसरं बोट, बाई. मागाच्या थांबण्याशी तिचं काय आहे?"

मी तिथंच खाली बसली. काहून का मले एकाएकी दिसलं. वर्षभर डोळ्यासमोर होतं, पण दिसलं नोतं. कांडी बदलाले माग थांबे तवा पोरीचा चरख्यावरचा हात थांबे. श्वासही थांबे. खटखट पुन्हा सुरू झाली का मंगच तिचा हात फिरे. तिचा बाप गेला तवा मी बाजारात भाजी आणाले गेली होती. घरात ती एकटी. आतल्या खोलीत कांड्या भरत. मी आली तं माग बंद, मालक मागावर वाकलेले, अन् पोरगी चरख्याजवळ तशीच बसून. तिले कोणीच काही विचारलं नाही. मीही नाही.

त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. ओट्यावर बसले, छत्री मांडीवर आडवी. मी दाराआड. भासऱ्यानं पाणीही विचारलं नाही.

सर म्हणले, "तुमच्या पुतणीच्या कपाळावर जी जखम आहे ती माझी चूक आहे. मी उलटं वाचलं. आता सरळ वाचून आलोय. उद्या मागावरून उठायचं तर एकच करा. उठताना तिला आवाज द्या. 'पोरी, मी उठतोय' एवढंच. मग झटका येणार नाही."

"अन् आला तं?"

"तर पहिली सळई माझ्या पोटरीला." अन् सरनं धोतर वर करून पाय दाखवला.

भासऱ्यानं पाह्यलं. "मास्तर, बगळ्याचा पाय हाये हा. इथं सळई टेकवाले जागा तरी हाये का?" ओट्याखाली उभे होते ते दोघं-तिघं हासले. भासरे हासले नाही. "मी बायका-पोरीले सांगून उठू? माह्या बापानं कधी सांगतलं नाही. आम्ही मागावरून उठतो तं उठतो."

सर म्हणले, "मी सकाळी येतो," अन् गेले.

सकाळी उजाडलं नाही तं ओट्यावर हजर. कोट, छत्री, सारं. भासरे त्याईच्याकडे न पाहता मागावर बसले. खटखट सुरू झाली. मी चुलीपाशी. पोरगी चरख्यावर, कपाळाले चिंधी. मी तिच्या हाताकडे पाहत होती. पाटा मी आधीच उचलून बाहेर ठेवला होता.

माग थांबला. तिचा हात थांबला. कांडी बदलली, धोटा पळाला, हात फिरला. पुन्हा थांबला. पुन्हा सुरू. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. भाकर तव्यावर जळली, मले समजलं नाही.

मंग माग थांबला, अन् कांडी बदलाचा तो बारका आवाज आला नाही.

पोरीचे बोटं चरख्याच्या दांडीवर पांढरे पडले. अंगठा आत वळाले लागला. तोंडातून हवा जाये ना येये. ओट्यावर सर उठून उभे राह्यले, पण बोलले नाही. त्यायनं बोलून चालणार नोतं, हे त्याईलेही मालूम होतं. भासऱ्याचा आवाज पाहिजे होता. अन् भासरे चूप.

मले समजलंच नाही मी कवा उठली. मागाच्या खोलीच्या दारात गेली. पदर डोक्यावर होता का नोता, सांगता येत नाही. म्हटलं, "दादा! पोरीले आवाज द्या!"

चवदा वर्षांत पहिला शब्द.

भासरे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तसेच बसले होते, हात गुडघ्यावर. माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता घरातून काढते. मंग त्यायनं मान खाली घातली. 

"शेवंता... मी हाओ वं. मी हाओ इथं. पाणी प्याले उठून राह्यलो."

मी मांगं पाह्यलं. पोरीचा अंगठा सुटला. मंग एक एक बोट. श्वास घेतला तिनं, पाण्यातून वर आल्यासारखा. उठली. टोपल्यातली भरलेली कांडी घेतली, माह्या बाजूनं निघून मागापाशी गेली अन् भासऱ्याच्या हातात देल्ली. म्हणे, "मोठेबाबा, बाबा थांबले तवा माह्याजवळ कांडी भरून होती. त्यायनं सकाळी मले रागावलं होतं, कांडी ढिली भरतं म्हून. मी रुसली होती. म्हटलं, मागतीन तवाच दीन. त्यायनं मागतलीच नाही."

भासऱ्यानं कांडी घेतली. धोट्यात बसवता येईना.  पोरीनंच बसवून देल्ली.

ओट्यावर सर छत्रीच्या टोकाकडे पाहत होते. चवथं बोट त्यायनं वर केलं नाही. पाणी मागतलं, प्याले, अन् कालेजाले गेले. अकराचा वर्ग होता.

अमावस्येले तो जाणता माणूस आला. भासऱ्यानं त्याले पुरणपोळी खाऊ घातली अन् सांगतलं, काम नाही. तो म्हणे, सुटलं का? भासरे म्हणे, "पाहून राह्यलो." झटके एकदम गेले नाही, खोटं कशाले सांगू. पुढच्या वर्षभरात तीन आले. घरी नोते भासरे तवाच. सरनं त्यायच्याही गाठी मारून घेतल्या. मंग बंद झाले. शेवंताचं लगन झालं, उमरेडले देल्ली. ती गेल्यावरही भासरे मागावरून उठताना म्हणतच राह्यले, "उठतो वं." घरात आता ते अन् मी. उत्तर मी देऊ, "हाव दादा." आमचं बोलणं तेवढंच, पण झालं.

सरनं दुसऱ्याच वर्षी एक नवीन गोष्ट सुरू केली. खुर्चीचं नाटक झालं का खिशातून ती कांडी काढे. नव्या पोट्ट्याईले सांगे, "ही मी उलटी वाचली. एका मुलीच्या कपाळावर त्याची खूण आहे. ज्यांनी सरळ पाहिलं त्या बाई दारात उभ्या आहेत. त्यांना वाचता येत नाही, आणि मला येतं." मले लाज वाटे. पोट्टेही खाली पाहत. दुसऱ्या मास्तराईनं समजावलं, स्वतःची चूक काहून दरसाल गावभर सांगता? सर म्हणे, "मग कोणाची सांगू?"

सरची नोकरी संपली त्या दिवशी हॉलमधे हार-तुरे ठेवले होते, साहेब लोक आले होते. सर तिकडे गेलेच नाही. उंदराईच्या खोलीच्या दारात आले. कांडी माह्या हातात देल्ली. सुताच्या आतल्या टोकाले त्यायनं आपल्या हातानं एक गाठ मारून ठेवली होती, ओबडधोबड, सुरुवात कुठून ते समजाले. कोष्ट्याच्या पोरानं मारली असती तं मार खाल्ला असता.

पिंजऱ्याकडे वाकले. "अहो, मी उठतोय हं." मंग माह्याकडे पाहून म्हणले, "बाई, मी उठतोय."

मी म्हटलं, "हाव सर."

छत्री काखेत घेतली अन् फाटकाकडे गेले. मी उंदराईले दाणे टाकत राह्यली. हात थांबला नाही. आवाज देऊन गेले, म्हून मले काही झालं नाही.